तीन नंबरची खिडकी

“एक नंबर, बरोबर. दोन नंबर, बरोबर. तीन नंबर...” मेढेकर मॅडम क्षणभर थांबल्या. “चूक. चार नंबर, बरोबर.”

चार नंबरवर मी होते. तीन नंबरच्या खणात जयमालाताई खराडे बसत. आमच्या दोघींमध्ये प्लायवूडची पातळ भिंत होती. पलीकडे चमचा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची मागे सरकल्याचा.

“परत?” मागे उभे असलेले बाबरसाहेब म्हणाले. ते कारखान्याचे मॅनेजर. “काय ओ खराडेबाई, जीभ घरी इसरून आलाय काय?”

कुणीतरी हसलं. जयमालाताई पडदा सारून बाहेर आल्या आणि त्याही हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही. पण त्या वेळी मी कुरमुऱ्यांची वाटी रिकामी करायला गेले.

सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा नोकरीला होते. एम.एस्सी. होऊन नुकतीच लागलेली. माझं मुख्य काम प्रयोगशाळेत. मसाल्यातला ओलावा, तेल, मीठ मोजायचं. पण खोबरं खवट व्हायला लागलं की ते यंत्राच्या आधी माणसाच्या नाकाला कळतं. म्हणून आठवड्यातले काही दिवस आम्ही काही जणी चव-चाचणीला बसायचो.

पद्धत ठरलेली होती. प्रत्येकीला एक अरुंद खण, समोर छोटी सरकती खिडकी, डोक्यावर लाल दिवा. रंगावरून काही ओळखता येऊ नये म्हणून तो दिवा. खिडकीतून ट्रे आत यायचा. त्यात भाताच्या कोमट पेजेत कालवलेल्या मसाल्याच्या तीन वाट्या, प्रत्येकीवर आकड्याची चिठ्ठी. दोन वाट्यांत मसाला एकच, तिसरीत वेगळा. मध्ये मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि कुरमुरे. वेगळी वाटी कोणती, तिचा आकडा लिहून कागद खिडकीतून परत द्यायचा. त्या दिवशी गजरा, पावडर, वासाचं तेल, सुपारी, काही चालत नसे. आणि एक नियम सगळ्यांत कडक होता. ‘कळत नाही’ किंवा ‘सगळ्या सारख्या’ असं उत्तर द्यायचं नाही. कळो न कळो, एका वाटीवर बोट ठेवायचंच.

चाचणीच्या प्रमुख मेढेकर मॅडम. वाट्या त्याच भरायच्या, आकडे त्याच टाकायच्या, निकालही त्याच सांगायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला खणात बसवलं आणि म्हणाल्या, “शरयू, इथं जिभेशी खोटं बोलायचं नाही. बाहेर काय बोलायचं ते बोल.” मला त्या तेव्हाच आवडून गेल्या होत्या.

जयमालाताई आमच्यात सर्वांत जुन्या. दिवाळीच्या तोंडावर एक मोठा लॉट गाड्यांत भरायला तयार होता आणि त्यांनी त्यावर ‘खोबरं खवट, पाठवू नये’ असा शेरा मारला होता. बाबरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, शेरा बदला म्हणाले. त्यांनी बदलला नाही. लॉट गोदामात पडून राहिला. त्यानंतर काही दिवसांनी जयमालाताईंची उत्तरं चुकायला लागली.

एकदा चुकणं कुणीही समजून घेतं. त्या रोज चुकत होत्या. कारखान्यात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. कँटीनमध्ये एकदा त्यांच्यापुढे कुणीतरी पाण्याचे तीन पेले आणून ठेवले. “ओळखा बघू, नळाचं कुठलं?” बाबरसाहेबांच्या टेबलावरून आवाज आला, “अहो, त्यांना पाणी का ताक ते तरी कळू दे आधी!” जयमालाताईंनी एक पेला उचलला, प्यायल्या आणि डबा उघडला. डबा तसाच बंद करून परत नेला, ते मी बघितलं.

मग साहेबांनी कर्मचाऱ्यांचं मनोबल वाढवायला पुण्याहून एक व्याख्याते बोलावले. त्यांनी आम्हाला डोळे मिटून उभं केलं आणि म्हणायला लावलं, “मी खडक आहे.” सगळ्यांत मोठा आवाज बाबरसाहेबांचा होता.

“बघ जयमाला,” नंतर हात धुताना मेढेकर मॅडम म्हणाल्या, “नोकरीत हे चालायचंच. मन खंबीर कर. सकाळी प्राणायाम करतेस का? आणि अगदीच झेपत नसेल तर दुसरीकडे बघ. त्यात कमीपणा नाही गं.”

“करते ना प्राणायाम,” जयमालाताई म्हणाल्या.

मॅडमचा आवाज मायेचा होता. त्या मायेत शेवटचं वाक्य कसं काय आलं, याचा मी जेवणाच्या सुट्टीत बराच वेळ विचार केला.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी जयमालाताईंच्या शेजारी बसले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, “काल आमटी केली. मीठ घातलं का नाही ते कळेना. चाखून बघितली तरी खात्री वाटेना. शेवटी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, अगं, बरोबर आहे. मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतायत.”

“ताई, एक विचारू?”

“विचार की.”

“तुम्ही मुद्दाम चुकता का?”

त्यांनी मान वळवली. रागावल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्यापेक्षा राग बरा.

“तुला माझाच संशय येतोय?”

“मला सगळ्यांचाच येतोय. ऐका. तीन वाट्या. एखाद्याला जीभच नाही असं धरू. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनांत एकदा बरोबर येणार. तुम्ही एकदासुद्धा बरोबर येत नाही. चव गेलेल्या माणसालाही इतकं चुकता येत नाही. इतकं चुकायला एक तर उत्तर माहीत पाहिजे...”

“किंवा?”

“किंवा ट्रेमध्ये बरोबर उत्तरच नसायला पाहिजे.”

बस त्यांच्या थांब्यावर थांबली. त्या उतरल्या नाहीत. ड्रायव्हरने दोनदा हाक मारली तेव्हा उठल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, “हे कुणाला बोलू नको.”

मी बोलले नाही, पण बघायला लागले. खिडकीला वरून फळी होती, त्यामुळे पलीकडच्या खोलीतून आत बसलेल्या बाईचे फक्त हात दिसत. ट्रे मॅडम स्वतः सरकवत. वापरलेल्या वाट्या धुवायला एक मावशी होत्या. सगळ्या खिडक्यांचे ट्रे त्या गोळा करत. तीन नंबरचा ट्रे मात्र मॅडम स्वतः उचलत आणि उभ्या उभ्या नळाखाली धरत. मी मावशींना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, “मॅडमचं काय, त्यांस्नी सोच्छता लागती.”

फक्त तीन नंबरची?

आणि तरी मला खात्री नव्हती. बाबरसाहेबांचा संशय घेणं सोपं होतं. मॅडमचा घेताना मला माझीच शंका यायची. मी त्यांच्याकडून शिकले होते. एकदा मला असंही वाटलं, की आपण ताईंच्या शेजारी बसतो, उद्या आपल्या ट्रेचं काय? त्या आठवड्यात मी प्रत्येक वाटी दोनदा चाखली.

जयमालाताईंनी कामगार कार्यालयात जायचं ठरवलं. मी सोबत गेले. सरकारी कामगार अधिकारी वाघमोडे मॅडम साधारण माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, पंखा कुरकुरत होता.

“कुणी अंगाला हात लावला?”

“नाही.”

“घाण बोलले?”

“तसं नाही.”

“पगार कापला? रजा नाकारली? जादा काम?”

“नाही.”

“मग करतात काय?”

“चूक ठरवतात,” जयमालाताई म्हणाल्या. “रोज.”

वाघमोडे मॅडमनी पेन खाली ठेवलं. “बाई, मी तुमच्या बाजूनं बोलतेय असं समजा. चूक ठरवायला कायद्यात बंदी नाही. मी हे कुठल्या कलमात बसवू?”

“आम्हाला काय माहीत?” मी मध्येच म्हणाले. “मी रसायनशास्त्र शिकले. कलमं तुम्ही शिकलात.”

मला वाटलं, आता त्या आम्हाला बाहेर काढणार. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “येते मी. कलम नसलं तरी भेट द्यायला बंदी नाही.”

त्या येणार हे कळल्यावर बाबरसाहेब खूश दिसले. तेच जास्त भीतीदायक होतं. त्यांनी जयमालाताईंना सगळ्यांसमोर सांगितलं, “सरकारलाच बघू द्या की! मॅडमच्या समोर चाचणी घेऊ. बरोबर आलात तर मी माफी मागतो. चुकलात तर?”

“चुकले तर मी आपणहून जाते,” जयमालाताई म्हणाल्या.

मी त्यांना जिन्यात गाठलं. “असं कसं बोललात? तुम्ही चुकणारच आहात!”

“मला ठाऊक आहे. पण शरयू, रोज थोडं थोडं जाण्यापेक्षा एकदा गेलेलं बरं.”

“जायचं नाही. खण बदलायचा.”

“म्हणजे?”

“मी तीन नंबरला बसते, तुम्ही चारला.”

“मॅडम ओळखतील. हात दिसतात खिडकीतून.”

आम्ही दोघींनी एकमेकींच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या हातात भाचीच्या लग्नात भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. माझ्या मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. दुसरं काही मी घालतच नसे.

चाचणीच्या दिवशी सकाळी आम्ही बायकांच्या खोलीत लवकर गेलो. साबण लावून बांगड्या काढताना एक फुटली. ताई म्हणाल्या, “वाढली.” मोडली असं त्या म्हणणार नव्हत्याच. बाकीच्या त्यांनी माझ्या हातात चढवल्या. माझं घड्याळ त्यांना सैल झालं. आम्ही इतरांच्या आधी खणांत जाऊन पडदे ओढून घेतले.

लाल उजेडात हिरव्या बांगड्या काळ्या दिसतात हे मला तेव्हा कळलं.

बाहेर पावलं वाजली. बाबरसाहेब वाघमोडे मॅडमना पद्धत समजावत होते. समोरची खिडकी सरकली. पलीकडे मेढेकर मॅडमची बोटं दिसली, स्वच्छ, नखं कापलेली. मी हात पुढे केले. बांगड्या वाजल्या. बोटं किंचित थांबली असं मला वाटलं. मग ट्रे आत आला.

मी पहिली वाटी चाखली. पाणी, कुरमुरे. दुसरी. पाणी, कुरमुरे. तिसरी. मग उलट क्रमानं. भाजलेलं खोबरं, लसूण, थोडी मागाहून येणारी तिखट चव. तिन्हींत तेच आणि तेवढंच. माझ्या शिक्षणात पुरावा या शब्दाला फार मान होता. तो इतका मिळमिळीत असेल असं वाटलं नव्हतं. मी कागदावर मधल्या वाटीचा आकडा लिहिला आणि खिडकीतून दिला. ट्रे मात्र दिला नाही. पलीकडून बोटं आली, ट्रेची कड चाचपली. मी ट्रे मांडीवर घेतला. बोटं रिकामी परत गेली.

निकाल वाचायला मॅडम बाहेर आल्या.

“एक नंबर, बरोबर. दोन नंबर, बरोबर. तीन नंबर, जयमाला... चूक. चार नंबर, शरयू, बरोबर.”

“झालं?” बाबरसाहेब म्हणाले. “आता सरकारनंच बघितलं. खराडेबाई, या बाहेर.”

मी ट्रे घेऊन तीन नंबरचा पडदा सारला. ताई चार नंबरमधून बाहेर आल्या. काही क्षण कुणालाच काही कळलं नाही. वाघमोडे मॅडम एकदा माझ्याकडे, एकदा ताईंकडे बघत राहिल्या.

“तीन नंबरला मी होते,” मी म्हणाले. “चूक माझी आली. जयमालाताईंचं उत्तर बरोबर आहे.”

“हा काय खेळ लावलाय?” बाबरसाहेब ओरडले. “नियम मोडला! चाचणी रद्द!”

“रद्द करा,” मी म्हणाले. “एक नवीन घेऊ.” मी ट्रे टेबलावर ठेवला. तिन्ही वाट्या निम्म्या भरलेल्या होत्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या मी काढल्या आणि वाट्यांच्या जागा बदलल्या, मलाच लक्षात राहणार नाही इतक्या वेळा. “मेढेकर मॅडम, आपल्याकडे सर्वांत चांगली जीभ तुमची. वेगळी वाटी कोणती?”

“मी कशाला?” मॅडम म्हणाल्या.

“चाखा की,” वाघमोडे मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण आता त्या खुर्चीवर बसल्या होत्या. “मलाही बघायचंय पद्धत कशी असते.”

मॅडमनी चमचा उचलला. पहिली चाखली. पाणी प्यायल्या. दुसरी. माझं लक्ष त्यांच्या गळ्याकडे होतं. तिसरी चाखताना त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले.

“कोणती?” वाघमोडे मॅडमनी विचारलं.

“जमत नाही.”

“नियमात तसं चालत नाही ना? आत्ताच साहेबांनी सांगितलं. एका वाटीवर बोट ठेवायचंच.”

मॅडमचा हात वाट्यांवरून फिरला. एकीवर थांबला, उचलला, दुसरीवर गेला. हा हात मी ओळखत होते. खणात बसलेल्या जयमालाताईंचा हात असाच फिरत असणार. तो मला प्लायवूडमुळे दिसत नव्हता एवढंच.

आणि तेव्हा बाबरसाहेब हसले. आजही मला वाटतं, ते ठरवून हसले नाहीत. कुणी अडखळलं की त्यांना हसू यायचं, इतकंच.

“काय ओ मॅडम,” ते म्हणाले, “तुमचीबी जीभ गेली म्हणायची!”

दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एक-दोघं हसले. सवयीनं.

मॅडमनी चमचा खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला नव्हता, उलट उतरला होता.

“जीभ शाबूत आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “तिन्ही वाट्या एकाच डब्यातल्या आहेत. रोजच असतात. तुम्हीच सांगितलं होतंत, की बाईला काढायचं नाही, तिचं तिलाच जावंसं वाटलं पाहिजे.”

कुणी हसलं नाही.

“मी? मी आपलं बोलता बोलता...” बाबरसाहेब वाघमोडे मॅडमकडे वळले. “बोलण्यातलं सगळं काय खरं धरायचं असतं का?”

“लिहून द्याल?” वाघमोडे मॅडमनी मेढेकर मॅडमना विचारलं.

“देते.” मग त्या जयमालाताईंकडे वळल्या. “निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत गं माझी.”

जयमालाताईंनी मनगटावरचं सैल घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

वाघमोडे मॅडमना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. “कलम अजूनही नाही हो,” त्या म्हणाल्या. “माणसाला रोज खोटं ठरवलं तर काय करायचं, हे कुठं लिहिलेलं नाही. पण खवट माल खपवायचा डाव असेल तर त्याचं लिहिलेलं आहे. तुम्ही सांगितलेल्या त्या लॉटचं मी अन्न खात्याला कळवते.” जीपमध्ये बसता बसता थांबल्या. “खोबऱ्याला कायदा आहे बघा.”

लॉट बाहेर गेला नाही. बाबरसाहेबांची दुसऱ्या शाखेत बदली झाली; निरोपाला शाल आणि नारळ दिला. मेढेकर मॅडम मुदतीआधीच सोडून गेल्या. जयमालाताईंना पुन्हा तीन नंबरचा खण मिळत होता, पण त्यांनी तो घेतला नाही. माझ्याकडे प्रयोगशाळेत आल्या. म्हणाल्या, “मला यंत्र दे. यंत्राचा आकडा बघून कुणी हसत नाही.” निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच राहिल्या. कारखान्यातली कुठलीही वस्तू त्यांनी पुन्हा तोंडात घातल्याचं मला आठवत नाही.

परवा, बऱ्याच वर्षांनी, मिरजेला त्यांच्या घरी गेले. केस पूर्ण पांढरे, हातात पुन्हा हिरव्या बांगड्या. माझी मुलगी नोकरीला लागली आहे आणि तिचे साहेब कसे आहेत ते मी सांगत होते.

“मी तिला म्हटलं, जरा खंबीर हो,” मी म्हणाले.

“असं म्हणालीस?” जयमालाताई पोहे परतत होत्या, थांबल्या. “मी खंबीरच होते की, शरयू. रोज वेळेवर यायचे, रोज खणात बसायचे. तिन्ही वाट्या सारख्या असताना खंबीर राहून माणूस करणार काय? पलीकडच्या खोलीत जाऊन कुणीतरी वाट्या बघायला पाहिजेत ना.”

त्यांनी दोन बशा भरल्या, वर ओलं खोबरं, कोथिंबीर; एक माझ्यापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन समोर बसल्या.

“मीठ बरोबर आहे ना गं?”

हे प्रत्येक घरात विचारतात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं की दुसरं काही, ते मला कळेना.

“तुम्हीच सांगा,” मी म्हणाले आणि माझी बशी त्यांच्याकडे सरकवली.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चमचाभर पोहे तोंडात घातले आणि डोळे मिटले. खणात बसल्यावर मिटत असतील तसे.

त्या उठल्या, फळीवरून मिठाची बरणी काढली आणि दोन्ही बशांवर चिमूट चिमूट मीठ भुरभुरवलं. मला विचारलं नाही.